पुढचा सोफा

“पुढचा सोफा पायजे तर सत्कार घ्यावा लागंल, तात्या,” दादाभाऊ म्हणाला. पाडव्याचा गाण्यांचा कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष. मांडवाच्या खांबाला टेकून एका फोनवर बोलत होता आणि दुसऱ्यात बघत होता.

चांगदेवतात्यांना सत्कार नको होता. त्यांना सोफा हवा होता, आणि तोही स्वतःसाठी नाही. पाडव्याला ओवाळणीत काय पाहिजे, असं त्यांनी साळुबाईंना विचारलं होतं. साडी म्हणेल असा त्यांचा अंदाज. पण साळुबाई म्हणाल्या, “ती कल्याणीताई येतीय म्हनं आपल्या पारगावात. तिचं ते बांगडीवाल्या कासाराचं गाणं समोर बसून ऐकवा. बास.”

ते गाणं एके काळी घरात सकाळ-संध्याकाळ वाजायचं. पुढे टेपने कॅसेट खाल्ली, आणि पेन्सिलीने गुंडाळता गुंडाळता तात्यांनीच ती तोडली. आता कॅसेटच्या जमान्यातले ते सगळे कलाकार सत्तरीला टेकले होते आणि दिवाळीच्या सुट्टीत ‘कॅसेटचे दिवस’ नावाचा कार्यक्रम करत गावोगाव हिंडत होते. साळुबाईंना मात्र लांबून माणूस आणि खांब सारखाच दिसायचा. म्हणून सोफा.

“पन माझा सत्कार कशापायी?”

“प्रगतशील बागायतदार.”

“आरं, गेल्या साली माझा ऊस डुकरांनी खाल्ला.”

“एवढं शिवार सोडून तुमचाच खाल्ला, म्हंजे ऊस चांगलाच व्हता की!”

तात्या कबूल झाले. घरी येताना वाटेत त्यांच्या ध्यानात आलं, की आपला सत्कार झाला आणि चुलतभाऊ चिमाजीचा झाला नाही, तर भाऊकीत पुढच्या दिवाळीपर्यंत धुसफूस चालणार. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून हा चिमाजी तात्यांच्या मुलाच्या, गोरखच्या लग्नात जेवला नव्हता. तात्या आल्या पावली मागे फिरले आणि त्याचंही नाव देऊन आले. चिमाजीने आपल्या व्याह्यांचं नाव दिलं. व्याह्यांसोबत त्यांच्या गावचे सरपंच आले. आणि पाहुण्या सरपंचांचा सत्कार होणार, तर आपल्या सरपंचांनी काय घोडं मारलं? पाडव्याच्या पहाटे सोफे कमी पडले म्हणून शेजारच्या मंगल कार्यालयातून आणखी आणावे लागले.

कोरं धोतर सावरत तात्या सोफ्यावर बसले. शेजारी साळुबाई टेकणार तोच एक कार्यकर्ता धावत आला.

“काकू, हितं फकस्त सत्कारमूर्ती. बायका मागं.”

“आरं, तिच्यासाठीच तर...”

“बसा वो तुमी,” साळुबाई म्हणाल्या. “मी ऐकंन की मागून.”

तेवढ्यात सावळेराम फेटेवाल्याने तात्यांच्या डोक्याचा ताबा घेतला. थोड्याच वेळात पहिल्या रांगेत फेट्यांची अशी भिंत उभी राहिली, की मागे बसलेल्यांना नुसते तुरे दिसू लागले.

कलाकार बिचारे वेळेवर आले होते. त्यांना सकाळी नऊला निघून पुण्याचा दुसरा कार्यक्रम गाठायचा होता. कल्याणीताई मांडवामागे गाडीत बसून काढा पीत होत्या, आणि पांढऱ्या बुटांतले एक डिस्को-गायक गुडघ्याला पट्टा बांधत होते. “आधी सत्कार उरकून घेऊ. धा मिंटाचं तर काम,” दादाभाऊ म्हणाला.

पण सत्कार ही उरकण्याची गोष्टच नाही. प्रत्येकाला शाल, नारळ, फोटो आणि वर ‘दोन शब्द’. चिमाजीच्या व्याह्यांनी आपले दोन शब्द आजोबांच्या जन्मापासून सुरू केले. शाली संपल्या, तेव्हा झालेल्यांच्या अंगावरच्या काढून पुढच्यांना घालू लागले. एक नारळ तर इतक्यांदा फिरला, की चिमाजीने तो ओळखला. ऊन मांडवात आलं तशी तात्यांची चुळबुळ वाढली.

“आणि आता प्रगतशील बागायतदार चांगदेवतात्या!”

तात्यांनी मनात पक्कं ठरवलं होतं. माईक घ्यायचा आणि एवढंच म्हणायचं: माझी बायको एका गाण्यासाठी आलीय, बाईंना गाऊ द्या. पण अंगावर शाल पडली, समोर एवढी माणसं दिसली आणि तोंडातून निघालं, “व्यासपीठावरील मान्यवर...” एक नाव घेतलं की दुसरं घ्यावंच लागतं. दोन्ही सरपंच झाले. कोणीतरी मागून धोतर ओढलं, “चिमाजी राह्यला!” चिमाजी झाला, व्याही झाले, सावळेराम झाला, मांडववाला झाला, जनरेटरवालासुद्धा झाला. टाळ्या पडत गेल्या तशी तात्यांना आणखी नावं सुचत गेली. जन्मात पहिल्यांदाच आपण इतकं चांगलं बोलतोय, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर बोललेही चांगलेच.

ते खाली उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते. कलाकारांनी मिळून कुठल्याशा गाण्याचं एक कडवं म्हटलं, पांढऱ्या बुटांनी जपून दोन-चार पावलं टाकली, आणि दादाभाऊने तात्यांच्याच खांद्यावरची शाल काढून कल्याणीताईंना घातली. गाडी निघून गेली. कासाराचं गाणं झालंच नाही.

साळुबाई मागे खुर्चीवर नव्हत्या. त्या बाहेर मोटारसायकलपाशी उभ्या होत्या. घर येईपर्यंत तात्यांनी दादाभाऊला, चिमाजीला आणि व्याह्यांच्या आजोबांना शिव्या घातल्या.

संध्याकाळी त्यांनी तात्यांना पाटावर बसवून ओवाळलं. तात्या खाली मान घालून बसले होते.

“ताटात टाकाया काय न्हाई माझ्याकडं. तुझं गाणं गेलं.”

“गेलं कुठं? ऐकलं की म्या. अर्धं.”

“आं?”

“तुमच्या फेट्यापायी दिसंना काय, म्हनून उठले नि मांडवामागं गेले. बाई गाडीत बसली व्हती. म्हनलं, ताई, एका गाण्यापायी आले वो. लई मायाळू. माझा हात हातात घिऊन गाया लागली. आवाज बसलाय जरा, पन त्योच.”

“मंग अर्धंच का?”

साळुबाईंनी निरांजनातली वात पुढे सारली. “मधीच भोंग्यावर तुमचा आवाज आला. म्हनलं, थांबा ताई, आमचं मालक बोलत्यात. माझ्यासाठी आल्यात, आता माझं नाव घेत्याल. ती बी थांबली बिचारी. दोघी कान लावून बसलो.”

तात्यांना पुढचं ऐकायचं नव्हतं.

“जनरेटरवाल्याचं झालं तवा ताई म्हनली, आता तुमचंच असेल बघा. मंग टाळ्या झाल्या, नि तिला बोलावनं आलं.”

सकाळच्या त्या चांगल्या भाषणाची तात्यांना आता इतकी लाज वाटली, की पाटावरून उठून कुठे जावं ते कळेना. उभ्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. ‘गोरखची आय’ म्हटलं की काम भागायचं. त्यांनी घसा खाकरला. जनरेटरवाल्याचं नाव कसं अलगद आलं होतं, हे मात्र येईना.

“साळू,” ते शेवटी म्हणाले. “साळुबाई.”

साळुबाईंनी ताट उचललं.

“आता घिऊन काय उपेग? भोंगं कवाच उतरवून नेलं.”