धर्मशास्त्राच्या तासाला सिनेमा

"आमचे सर म्हणतात, प्रत्येक सिनेमात देवाबद्दल काहीतरी असतं. दिसलं नाही तरी असतं," बाई चहा ओतता ओतता म्हणाल्या.

समोर बसलेल्या नवऱ्याला चहापेक्षा 'आमचे सर' जास्त पोळलं. तेही सरच होते. मिशनच्या त्याच कॉलेजात जन्मभर ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवत होते आणि बाई त्यांच्या तासाला कधी फिरकल्या नव्हत्या. सिनेमा शिकवणारे तरुण सर यंदाच आले, तर त्यांचा तास बाहेरच्यांनाही खुला, पोरं खिडकीत बसलेली आणि बाई पहिल्या बाकावर, ठेवणीतले कपडे घालून.

शेजाऱ्याच्या बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको, ही बायबलातली आज्ञा धर्मशास्त्राच्या सरांना तोंडपाठ होती. पुढे 'शेजाऱ्याच्या कशाचाही' असं आहे. तिथपर्यंत ते हल्ली वाचत नसत.

त्यांनी फलकावर सूचना लावली : धर्मशास्त्राच्या तासाला सिनेमा. सीडीच्या डब्यावर चर्चच्या मनोऱ्याखाली उभा झगेवाला धर्मगुरू होता, एवढं पाहून सिनेमा निवडला. आधी बघणं म्हणजे मोहात पडणं.

वर्ग फुटेस्तोवर भरला. बाईही आल्या, पण बसल्या सिनेमाच्या सरांशेजारी.

पडद्यावर माणसं ओठ हलवू लागली. आवाज येईना. सरांनी सगळी बटणं पिळून पाहिली. सिनेमाचे सर अदबीनं उठले आणि लावून देऊ का म्हणाले. त्यापेक्षा विष बरं.

"आवाज मीच बंद ठेवलाय," सर म्हणाले. "याचा अर्थ मी सांगणार आहे."

बोलून बसले, आता सांगणं आलं. धर्मगुरूनं एका बाईला मिठी मारली. सरांनी खुलासा केला, की ती विधवा असून तिचं सांत्वन चाललंय. मिठी काही सुटेना.

"सांत्वनाला वेळ लागतो," सर म्हणाले.

मग धर्मगुरू वेदीवरची चांदी पोत्यात भरून खिडकीतून उतरला. ते दान होतं. खिडकीतून का, असं एका मुलीनं विचारलं.

"उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, म्हणून."

पोरं बाकावर लोळत होती. तेवढ्यात धर्मगुरूनं पिस्तूल काढलं. वर्ग श्वास रोखून सरांकडे बघू लागला. सरांनी घाम पुसला.

"शस्त्र खाली ठेवायचं, तर आधी बाहेर काढावं लागतं."

टाळ्या थांबेनात. पुढच्या आठवड्याला जागा धरून ठेवा, असं पोरं एकमेकांना बजावू लागली. सिनेमाचे सर कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव सरांनी लगेच ओळखला. दाढी करताना रोज आरशात तोच दिसायचा.

घरी जाताना बाई म्हणाल्या, "तुमच्यापुढे कोण टिकणार? बिचाऱ्याचं तोंड कसं एवढंसं झालं होतं."

सर दोन बोटं उंच झाले.

"आपल्यापायी झालं ते," बाई म्हणाल्या. "एकटा जीव. म्हणून मी त्यांना रोज रात्री आपल्याकडेच जेवायला सांगितलंय. कसा चेहरा खुलला म्हणता."