चार बोटांची फट

डोमाजी मिस्त्री बाकड्यावर बसले की आधी शेजाऱ्याच्या आणि आपल्यामध्ये चार बोटं आडवी घालून बघत. बोटं अडली तर शेजाऱ्याने सरकायचं. माझ्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी नवरा-नवरीच्या पाटांमध्ये बोटं घातली आणि नवरीचा पाट जरासा मागे लोटला. भटजी मंत्र विसरले. "फुगते जी," एवढंच म्हणून डोमाजी पंगतीत जाऊन बसले. काय फुगतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, म्हणून सांध्यात फट ठेवावी लागते. जन्मभराच्या सुतारकामात त्यांनी मिळवलेलं शास्त्र एवढंच, आणि ते त्यांनी सगळ्या जगाला लावलं. "फट आधी, लाकूड मंग," हे त्यांचं पालुपद. त्यांनी केलेलं दार उन्हाळ्यात खडखडे. तक्रार केली की श्रावणात या म्हणत. श्रावणात दार नेमकं बसे आणि तक्रार करणारा लाजेने तिकडे फिरकत नसे. मीही फिरकलो नाही, आणि मी तर त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या आसगावात प्लायवूड दिसू लागलं. डोमाजी त्याला कागदाचं लाकूड म्हणत आणि नाव काढलं की थुंकत. असा माणूस एके दिवशी पवनीच्या बसच्या टपावरून प्लायवूडचे तक्ते उतरवून घेताना दिसला, तेव्हा स्टँडवर ही गर्दी जमली. कुणीतरी हसलंसुद्धा. मी हसलो नाही, कारण भिंतीपलीकडचं कण्हणं मला ऐकू येत होतं.

त्यांच्या बायकोला, कवसाबाईंना, लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सुताच्या खाटेत त्यांची कंबर झोळीसारखी लोंबे. दोन महिन्यांत पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, पाठीला हवा लागू द्या, पण उचलायला गेलं की कातडी हाताला येई.

मी गावच्या शाळेत मास्तर. रविवारी डोमाजींनी माझ्याकडून शाळेची किल्ली नेली. सोमवारी वर्गात पाहतो तर फळाभर खडूचं चित्र: एकावर एक चार तक्ते, मध्ये चार-चार बोटांची फट, फटींत पाचरी, आणि सगळ्यांवर भुईमुगाच्या शेंगेसारखी कवसाबाई. पोरं खदाखदा हसली. चारही तक्त्यांच्या डाव्या काठाला एकाच जागी उंदराने कुरतडल्यासारखी खाच होती. रेघ चुकली असेल म्हणून मास्तरकीच्या सवयीने मी ती सरळ केली. दुपारी डोमाजी आले, डस्टरने माझी रेघ पुसली आणि खाच परत काढली. "राहू द्या जी," म्हणाले.

पलंग झाला. एकही खिळा नाही. एवढे पातळ, रुंद तक्ते साध्या लाकडाचे निघत नाहीत, म्हणून प्लायवूड. वरचा तक्ता सगळ्यात पातळ, वारा जावा म्हणून पट्ट्यापट्ट्यांनी कापलेला. त्याखालच्या पाचरी कधी खांद्याखाली सारायच्या, कधी कमरेखाली. म्हणजे बाईला न हलवता तिचा भार हलायचा. दोन वर्षं रोज सकाळी मला लाकडी हातोडीची टकटक ऐकू येई. बाई वाळत गेल्या, तशा डोमाजी पाचरी जवळजवळ आणत गेले.

पौषात, धानाची चुरणी म्हणजे मळणी चालू असताना, कवसाबाईंना घरघर लागली. दिघोरीहून त्यांचा भाऊ बाजीराव आला. आमच्याकडे जाणाऱ्याला भुईवर घेतात. खाटेवर जीव गेला तर तो अडकतो म्हणतात. बाजीरावने शेणाने जागा सारवून घेतली आणि चौघांना हात लावायला सांगितलं. डोमाजी मध्ये उभे राहिले.

"उचलू नोका. पाठ सोलते तिची."

"मंग खाटेवरच मारतोस का माह्या बहिनीले?" बाजीराव ओरडला. तिचा जीव अधांतरी राहिला तर तिरडीला खांदा देणार नाही म्हणाला. खरं सांगतो, मलाही डोमाजींचा राग आला. आयुष्यभर फटी मोजल्या, निदान आता तरी हट्ट सोडावा.

डोमाजींनी हातोडी घेतली. खालच्या फटीतली पाचर एका ठोक्याने मागे, मग समोरची एका ठोक्याने. पलंग बोटभर खाली आला. असं फिरत फिरत त्यांनी एकेक फट मिटवत नेली. कवसाबाईंचा चेहरा एकदाही आक्रसला नाही. शेवटी चारही तक्ते एकावर एक, जमिनीला टेकले.

बाजीराव हळूच म्हणाला, "तरी लाकूड आहेच ना मधी."

डोमाजींनी बायकोचा डावा हात धरला आणि काठावरच्या खाचेत सोडला. चारही खाचा एकाखाली एक आल्या होत्या. तळवा थेट ओल्या सारवणाला लागला. कवसाबाईंची बोटं हलली, मातीत जराशी रुतली.

"तेवढाच हात समजते तिले," डोमाजी म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे फळ्यावरची ती खाच आली. म्हणजे पलंगाच्या पहिल्या रेघेपासून या माणसाला हा दिवस ठाऊक होता, आणि तरी तो दोन वर्षं रोज सकाळी पाचरी ठोकत होता. मला माझ्या त्या सरळ रेघेची लाज वाटली.

थोड्या वेळाने घरघर थांबली. बाजीराव डोकं टेकून रडू लागला. डोमाजी भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो, खांद्याला खांदा लावून, आणि त्यांच्या बोटांची वाट पाहिली. त्यांनी बोटं घातली नाहीत.