दर खोली किती माणसं?

घर बघायला आम्ही गेलो होतो, पण बघून घेतलं गेलं ते आम्हालाच.

बँकेने माझी बदली सांगलीहून उज्जैनला केली, तेव्हा माधव नगरात एक वरचा मजला भाड्याने आहे असं कळलं. मालक कोरान्ने काका फाटकातच उभे होते. घरमालक साधारणपणे विचारतो की नोकरी कुठे, खाणं काय, पाहुणे किती येतात. काकांनी आम्हा पाचजणांना, म्हणजे मी, बायको अनघा, चार वर्षांची सई, आई आणि बाबा, एकेकाकडे बोट दाखवत मोजलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "रात्री कोण कुठे झोपणार?"

आईने पदर सावरला. बाबांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मी कसंबसं म्हटलं, "झोपू कुठेतरी."

"कुठेतरी नाही चालत, भाई. आकडा बोला. खोल्या दोन, माणसं पाच. पाच भागिले दोन, अडीच. पास! सामान घेऊन या."

"स्वयंपाकघर धरलं तर तीन होतात ना खोल्या?" अनघाने विचारलं.

"रसोईत कोणी झोपणार आहे?"

"नाही."

"मग ती खोली नाही. जगात कुठेही जाऊन विचारा!"

जगात कुठेही जाऊन कोण विचारणार! आम्ही निमूटपणे सामान आणलं.

कोरान्ने काका राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. घराणं शिंदे सरकारच्या चाकरीत माळव्यात आलेलं. पूर्वज तलवार गाजवायला आले की जमीन मोजायला, याबद्दल घरात दोन मतं होती आणि काकांचं मत दुसरं होतं. काकू जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी टोरांटोला. खालच्या तीन खोल्यांत काका एकटे राहायचे. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, फिरायला जातात. काकांना कॉम्प्युटरवर एक तक्ता सापडला. जगातली शहरं राहण्याजोगी होताहेत की नाही, लोकांना धड घरं मिळताहेत की नाही, हे मोजणारा तो जागतिक तक्ता. काकांनी त्यात उज्जैन शोधलं. उज्जैन नव्हतं.

"अहो, ज्या शहरावरून अख्ख्या देशाचे ज्योतिषी वेळ मोजायचे, ते शहरच यांच्या मोजणीत नाही!" हे सांगताना तीन वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढायचा. "म्हटलं, ठीक आहे. आपण मोजू."

आणि ते सुटलेच. जुन्या सायकलचं चाक त्यांनी एका दांड्याला बसवून घेतलं. चाकाच्या आऱ्याला प्लास्टिकची पट्टी, म्हणजे दर फेऱ्याला टक् आवाज. घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत बस मिळाली पाहिजे असं जगाचं म्हणणं, म्हणून हे रोज सकाळी कुणाच्या तरी दारापासून टकटक करत निघायचे. एकदा मीही गेलो बरोबर. टावर चौकात त्यांनी सवाऱ्या भरून नेणाऱ्या एका मॅजिक गाडीवाल्याला थांबवून विचारलं, "आपका स्टॉप कहाँ है?"

तो म्हणाला, "काकासाब, तमने जां हाथ दियो, वां स्टॉप."

काका चाक धरून तसेच उभे राहिले. मागची वाहनं हॉर्न वाजवत होती. घरी आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'सार्वजनिक वाहनापर्यंतचे अंतर : एक हात.' मग हात नक्की किती लांब, हे ठरवायला वॉर्डातल्या अठरा माणसांचे हात मोजले. माझाही मोजला. या बाबतीत उज्जैन जगात पहिलं आहे असं पत्र त्यांनी जागतिक कचेरीला पाठवलं. तिकडून दोन सेकंदांत यंत्राचं उत्तर आलं, आपला संदेश मिळाला, आभारी आहोत. काकांनी ते छापून लॅमिनेट केलं. "बघा, किती तत्पर लोक आहेत," म्हणाले. त्यांना खरं काय ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मोकळ्या जागांची मोजणी तर विचारू नका. बागेत गायी बसलेल्या असल्या की तेवढी जागा ते वजा करायचे, आणि गाय मध्येच उठून दुसरीकडे बसली की पुन्हा पहिल्यापासून. भैरवगढला कापडावर ठसे उमटवणाऱ्या छापखान्यामागच्या मैदानात छापलेली कापडं वाळत घातली होती. ती जागा मोकळी धरायची की भरलेली, यावर विचार करायला ते सावलीतल्या एका लांब टेबलावर टेकले. ते छपाईचं टेबल होतं. पांढऱ्या पॅंटच्या मागे लाल कोयऱ्यांची रांग उमटवून घेऊन कोरान्ने काका फ्रीगंजच्या भर बाजारातून चालत घरी आले. गल्लीत सगळ्यांनी पाहिलं, सांगितलं कुणीच नाही. शेवटी सईने सांगितलं. काका मागे वळून बघत म्हणाले, "किती आहेत?"

"नऊ," सई म्हणाली.

"शाब्बास. हिला आकडा येतो."

लग्नातही तेच. काकांच्या एका नातेवाइकाच्या मुलाचं लग्न लागलं, अक्षता पडल्या, आणि काकांनी स्टेजवर जाऊन नवऱ्या मुलाला सर्वांदेखत विचारलं, "रात्री कोण कुठे झोपणार?" मुलगा लाजून लाल झाला. काकांना मुलाच्या घरातल्या म्हाताऱ्या आजोबांच्या झोपायची चिंता होती, हे तिथे कोण ऐकून घेणार!

आमची पाहणी दर सहा महिन्यांनी व्हायची, रविवारी सकाळी दहाला. खाली राहणारा माणूस खांद्याला पिशवी लावून, वर येऊन, बेल वाजवून विचारायचा, "घरप्रमुख आहेत का?" मग पाच प्रश्न. पाणी पुरेसं आहे? होय. संडास स्वतंत्र आहे? तुम्हीच बांधलाय, काका. होय की नाही? होय. छप्पर पक्कं आहे? होय. दर खोली माणसं किती? अडीच. आणि पाचवा, "घर सोडावं लागेल अशी भीती वाटते का?"

"नाही," असं आम्ही हसत म्हणायचो. मालकाच्या तोंडावर दुसरं काय म्हणणार!

स्वतःचाही अर्ज ते भरायचे. तीन खोल्या, एक माणूस. "शून्य पूर्णांक तेहेतीस!" ते मला कागद दाखवायचे. "युरोपात पण नसेल इतकी ऐसपैस जागा." मी अभिनंदन करायचो.

पुढे अनघाची धाकटी बहीण वसुधा इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून आमच्याकडे राहायला आली. काकांनी डोळे मिटून भागाकार केला. "सहा भागिले दोन, तीन. काठावर पास. पण आता सांभाळून हं. एका खोलीत तीनाच्या वर गेलात की जागतिक व्याख्येप्रमाणे तुम्ही झोपडपट्टी."

बाबा रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी दोन दिवस काकांशी बोलणं सोडलं.

आणि मग अनघाला दिवस गेले.

ही बातमी खाली कशी सांगायची, याचीच आम्हाला काळजी पडली. कारण दिवस वाईट होते. महाकालच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली होती की शहरभर जो तो आपलं घर होमस्टे करत सुटला होता. त्यात सिंहस्थ जवळ येत चाललेला. आमच्याच गल्लीतल्या दोन भाडेकरूंना महिन्याभरात घर खाली करायला सांगितलं होतं. एक दलाल आमच्याही फाटकाशी दोनदा येऊन काकांशी बोलून गेला. नंतर काका मला आणि अनघाला जिन्यात भेटले. अनघाकडे बघून त्यांना काय ते कळलेलं होतंच. "डिसेंबरात आकडा बदलून राहिला आहे ना?" एवढंच विचारलं आणि काळजीत पडल्यासारखे आत गेले.

"संपलं," अनघा म्हणाली. "सात भागिले दोन, साडेतीन. आपण नापास."

मी घरं बघायला लागलो. जिथे जाईन तिथे भिंती बघायच्या सोडून मनात भागाकार चालू. एका मालकाला तर मीच विचारलं, "पण रात्री कोण कुठे झोपणार?" त्याने मला घर दिलं नाही. ज्यांनी देऊ केलं, ते आम्हाला परवडेना किंवा शहराबाहेर होतं. अनघा रोज संध्याकाळी विचारायची, मिळालं का. मी नाही म्हटलं की उठून आत जायची.

डिसेंबरात मुलगा झाला. त्याला घेऊन दवाखान्यातून आलो, तर खाली गवंडी! काका त्याला भिंत दाखवून काहीतरी सांगत होते आणि तो टेप लावत होता. होमस्टे करणारा पहिलं काम हेच करतो. आईने त्याच दिवशी माळ्यावरची भांडी पोत्यात भरायला घेतली. मला काकांचा मनातून राग आला. एवढं जगाचं भलं करायला निघालेला माणूस, आणि बाळंतिणीला हलवणार!

रविवारी दहाला बेल वाजली. "घरप्रमुख आहेत का?"

काका आले, बसले, पाळण्यात डोकावले. नेहमीसारखे तडातडा प्रश्न विचारत सुटले नाहीत. पाणी, संडास, छप्पर झालं. चौथा प्रश्न त्यांनी सोडूनच दिला आणि खाली मान घालून पाचवा विचारला, "घर सोडावं लागेल अशी भीती वाटते का?"

"वाटते!" अनघा म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. "रोज वाटते. गेले चार महिने झोप नाही मला."

काकांचं पेन कागदावर टेकायचं तसंच राहिलं. "कोणाची भीती?"

"तुमचीच! आणखी कोणाची?"

"माझी?" ते आमच्या सगळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांची नजर भांड्यांच्या पोत्यांवर गेली. "अरे राम. मला मालूमच नव्हतं. दलालाला तर मी केव्हाच हाकलून दिला. म्हटलं, माझ्याकडे कुटुंब आहे."

"मग गवंडी?" मी विचारलं.

"आतला जिना आहे ना, तो आम्ही भाड्याने देताना भिंत घालून बंद केला होता. तो उघडतो आहे. भिंत गेली की वरचं-खालचं घर एक. तुमच्या दोन, माझ्या तीन, खोल्या पाच. पाच खोल्या, आठ माणसं. एक पूर्णांक सहा. एकदम पास!"

"आठ?" आई म्हणाली. "आम्ही तर सात."

काकांनी पिशवीतून खात्याची जुनी सूचनापुस्तिका काढली. इतकी वर्षं लोकांना आकडा बोला म्हणून दरडावणारा हा माणूस, पण आता त्यांना पान सापडेना. "मी... मला धरून. पण तशी एक अडचण आहे. नियम असा आहे की एक कुटुंब कोणाला म्हणायचं, तर जे एकाच रसोईत जेवतात त्यांना. माझा तर डबा येतो. मग मला धरता नाही येत. म्हणजे जबरदस्ती काही नाही, वहिनी. निदान पाहणीच्या दिवशी जरी मी इथे चार घास..."

मला इतकी लाज वाटली की मी पाळण्याची दोरी ओढत बसलो. शून्य पूर्णांक तेहेतीसचं मी या माणसाचं अभिनंदन करत आलो होतो!

"पाहणी सहा महिन्यांनी असते ना तुमची?" आईने विचारलं.

"हो."

"मग ती आता रोज करा," आई म्हणाली आणि ताटं मांडायला उठली.

काका जेवले. भाजी पुन्हा घेतली, आमटी पुन्हा घेतली, बाबांशी सांगलीच्या पुराबद्दल बोलले. हात धुऊन, पिशवी खांद्याला लावून ते निघाले. दारात चपला घालता घालता थांबले आणि आईकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"वहिनी, उद्या आपण किती वाजता जेवतो?"