गेणबाची अर्धी मॅच

सकाळचे साडेआठ वाजले तरी गेणबाच्या पिंडाला कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. भीमेच्या घाटावरच्या कडुलिंबावर चांगले अकरा बसले होते. गेणबाचा पुतण्या पप्पू दोनदा मोजून आला होता. पण एकही खाली उतरत नव्हता.

दहाव्याला आलेल्यांची चुळबूळ सुरू झाली. श्रद्धांजलीला आलेल्या कारखान्याच्या माजी संचालकांना अजून यवत आणि पाटस असे दोन दहावे गाठायचे होते. त्यांनी माईक पुन्हा हातात घेतला.

"गेणबांच्या नावानं गावात भव्य क्रीडांगण उभारू, असा शब्द देतो."

लिंबावर एक पंख हलला नाही. आश्वासनं कावळ्यांनीही बरीच ऐकली असावीत.

क्रीडांगणाचं मात्र संचालक अगदीच उगाच बोलले नव्हते. गेणबा कुरकुंभच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्टा करून निवृत्त झालेला फिटर. व्यसन एकच, ऑलिंपिक. चार वर्षं तो चारचौघांसारखा वागायचा आणि पुढचे पंधरा-सोळा दिवस कुणाचा नसायचा. तलवारबाजी, तिरंदाजी, घोड्यांचा नाच, जे लागेल ते बघायचा. ज्या देशाचं नाव आदल्या दिवशी ठाऊक नव्हतं, त्याच्या पोहणाऱ्यासाठी जेवायचा थांबायचा. अशाच एका रविवारी दुपारी तो बाजेवर गेला. माणसं जमली तेव्हा टीव्ही बंद होता आणि ताट झाकलेलं होतं. झोपेतच गेला, असं सगळ्यांनी ठरवलं.

त्यानंतर बरंच काही ठरलं. तिसऱ्या दिवशी पप्पू टीव्ही उचलून घेऊन गेला. "काकीला एकटीला त्रेचाळीस इंची काय करायचाय?" पाचव्या दिवशी पप्पूचा बाप, म्हणजे गेणबाचा धाकटा भाऊ कोंडिबा, भावजयीपुढं येऊन बसला.

"वहिनी, दहावं झालं की अपेक्षाकडं शिरूरला जावा. लेकीचं घर हाय. हितं एकटीनं काय करायचं? घराचं, जमिनीचं मी बघतो."

रंगुबाईला शिरूरला जायचं नव्हतं. लेकीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. तिथं दार लावून घेतलं की माणूस कपाटात ठेवल्यासारखा. तिला स्वतःच्या घरात मरायचं होतं. पण तिला कुणी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. कोंडिबाच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, जावेची बॅग हौसेनं भरली. कधी नव्हे ते साड्यांच्या घड्यासुद्धा नीट घातल्या. ती बॅग आत्ता घाटावरच, पप्पूच्या पिकअपमध्ये तयार होती.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "जवळच्यांनी पुढं होऊन शब्द द्या."

पप्पूनं काकांची आवडती वस्तू म्हणून टीव्हीचा रिमोट आणून पिंडाशेजारी ठेवलाच होता. टीव्ही त्याच्या घरी होता, रिमोट इथं. लोक रिमोटकडं बघायचे, मग पप्पूकडं बघायचे. शेवटी पप्पू पुढं झाला.

"काका, टीव्ही आजच्या आज काकीच्या घरी आणून बसवतो. डिशसकट."

एक कावळा शेंड्यावरून मधल्या फांदीवर आला. घाटावर कुजबुज झाली.

"बघा! ऐकतोय त्यो!" गुरुजींना हुरूप आला. "अजून बोला. कोंडिबा, तुम्ही या."

कोंडिबानं घसा खाकरला. "दादा, वहिनीला काय कमी पडू देणार न्हाई."

कावळ्यानं चोच फांदीला घासली.

"असं गोलगोल नको," मागून कुणीतरी म्हणालं. "बांधाचं बोल की!"

दर नांगरटीला भावाच्या रानातली एकेक सरी कोरत कोंडिबानं बांध किती सरकवला होता, हे शिवारातल्या बैलांनाही पाठ होतं. त्याचा चेहरा उतरला. "बरं. बांध होता तिथं नेतो, दादा."

कावळा आणखी एक फांदी खाली.

"विहिरीची पाळी?" रंगुबाईनं पदराआडून हळूच विचारलं.

"व्हय, पाळी बी. आठवड्यातलं तीन दिस पानी वहिनीचं."

"आवो!" कस्तुराबाईनं नवऱ्याचा सदरा ओढला.

"गप ए! भाऊ लटकलाय हितं!"

कावळा सगळ्यात खालच्या फांदीवर येऊन बसला आणि तिथंच थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. संचालक घड्याळ बघून घामाघूम झाले. कोंडिबाही. आता एकच गोष्ट उरली होती आणि ती सगळ्यांना दिसत होती, पिकअपमधल्या बॅगेसारखी.

"वहिनी त्यांच्या घरातच ऱ्हातील," कोंडिबा पुटपुटला. "त्यास्नी तिथनं कुनी हलवनार न्हाई."

"मोठ्यानं बोला भावजी," रंगुबाई म्हणाली. "वरच्या फांदीला ऐकू गेलं न्हाई."

संचालकांनी तत्परतेनं माईक कोंडिबाच्या तोंडापुढं धरला. सगळ्या घाटानं ऐकलं. गुरुजींनी मान डोलावली.

कावळा मात्र जागचा हलेना. तेव्हा रंगुबाई उठली आणि मागं वळली.

"मल्हारी भावजी, पुढं या. त्या म्याचचं काय झालं, सांगा ह्यास्नी."

मल्हारी म्हणजे गेणबाचा कंपनीतला जोडीदार आणि ऑलिंपिकमधला भागीदार. मयताच्या ठिकाणी खेळाचं काढणं बरं नव्हे म्हणून इतका वेळ मागं गप्प उभा होता. तो पिंडापुढं उकिडवा बसला.

"गेणबा, हॉकीची ती म्याच. आपल्या एकाला लाल कार्ड दिलं, तू फोनवर पंचाला शिव्या घातल्या, ती. दहा जणांत खेळलो रं आपुन. एक-एक बरोबरी. मग शूटआउट. चार-दोननं जिंकलो!"

कावळा टपकन खाली उतरला.

"सेमीफायनलला जर्मनीनं हरवलं."

कावळा दोन पावलं मागं सरकला.

"आणि कुस्तीत ते शंभर ग्रॅम जास्त वजनाचं..." संचालकांना राहवलं नाही.

कावळा भुर्रकन वर उडाला.

"ओ साहेब!" सगळा घाट ओरडला. संचालक माईक सोडून बाजूला झाले ते यवतला निघेपर्यंत बोलले नाहीत.

"न्हाई गेणबा, ते ऱ्हाऊ दे," मल्हारी घाईनं म्हणाला. "स्पेनला हरवलं, दोन-एक. ब्राँझ आलं रं. लागोपाठ दुसऱ्यांदा."

कावळा खाली आला, रिमोटवरून उडी मारून पिंडावर बसला आणि भाताचा घास घेऊन गेला.

लोकांनी हात जोडले. कोंडिबानं जोडले नाहीत. त्याला हळूहळू उमजत होतं.

"म्हंजी दादाला एवढंच पायजे हुतं? मग ते बांधाचं, पान्याचं..."

"ह्यास्नी एवढंच पायजे हुतं," रंगुबाई म्हणाली. "बाकीचं मला पायजे हुतं."

तिनं रिमोट उचलला, त्याला चिकटलेली शितं पदरानं पुसली आणि पप्पूला पिकअपमधली बॅग उतरवायला लावली.

बॅग घेऊन मल्हारी तिच्यासोबत घराकडं निघाला. बरंच चालून झाल्यावर त्यानं विचारलं, "वहिनी, गेणबाचं काय अडलंय ते तुमास्नी आधीच ठाऊक हुतं?"

"अर्ध्या म्याचला टीव्ही मीच बंद केला हुता. दोन वाजून गेले, आधी जेवा म्हनलं. ते रागानं पाठ करून पडले. ताट झाकलं मी. उठलेच न्हाईत."

मल्हारीनं बॅग या हातातून त्या हातात घेतली. "मग मला पयलंच का न्हाई बोलावलं? बिचारा अर्धा तास लटकला."

"चाळीस वर्सं त्यांची म्याच संपायची मी वाट बघितली, भावजी," रंगुबाई म्हणाली. "आज अर्धा तास त्यांनी बघितली."