देवांच्याही वरची फळी

दिगूमामा कुणाच्याही घरी गेले की आधी चहा मागत नाहीत, स्टूल मागतात. मग त्यावर चढून जमिनीवरचं जे दिसेल ते वर ठेवतात. डबे, दप्तरं, इस्त्री. गेल्या दिवाळीत आमच्या धारच्या घरी तासभरच बसले, पण बायकोला पोळपाट सापडला तो चौथ्या दिवशी, माळ्यावर.

"मामा, धारमध्ये कुठलं पाणी शिरतंय?" पुढच्या खेपेला ती वैतागून म्हणाली.

"निसरपुरात आम्ही पण हेच म्हणत होतो, सूनबाई," मामा म्हणाले आणि तिच्या हातातली परातही वर गेली.

निसरपुरात मामांचं शिवणकामाचं दुकान होतं, मागेच घर. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी चढलं आणि दोन्ही गेलं. मामी त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या. मामा एकटे धारला आले, दोन खोल्या घेतल्या आणि सामान वर चढवायला लागले. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी काय केलं? कादंबरी लिहिली.

माझी एकुलती एक. नातेवाइकांनी भिडेखातर घेतली, दोघातिघांनी वाचलीही. तिच्यात स्टुलावर चढणारा एक विक्षिप्त शिंपी आहे. लोक त्यालाच जास्त हसले. पाण्याचा भाग मी गाळला होता, विनोदाला जड होत होता.

"माझ्या भावाची चेष्टा करून राहिलास," आई म्हणाली. "त्याने वाचलं तर?"

वाचलं. दुसऱ्याच आठवड्यात मामांचा फोन आला, इकडच्या रिवाजाने भाच्यालाही भाऊ म्हणत, "भिया, पुस्तक झालं वाचून. घरी ये."

स्कूटरवर मी माफीची तीन वाक्यं पाठ केली.

मामांच्या घरात सगळं भिंतीवर, फळ्यांवर. जमिनीवर एकच वस्तू, त्यांचं पायमशीन. ते शिवत बसले होते. मान वर न करता त्यांनी मशीनवरचं माझं पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पान बावीस काढ. वाच."

शिंप्याच्या बायकोचं वाक्य होतं. मामींच्या तोंडचं मी जसंच्या तसं उचललेलं. "अहो, सुईतून डोळे काढा, दारात माणूस उभं आहे!"

"परत वाच."

परत वाचलं. मशीन थांबलं.

"अशीच बोलायची," मामा म्हणाले.

"मामा, मी तुमची चेष्टा..."

"केलीस ना. मजा आली. पण एक राहिलं तुझं. तिची गाण्यांची वही होती, तिच्या अक्षरातली. कपाटाच्या खालच्या खणात. पाणी शिरलं तेव्हा मी आधी हे मशीन उचललं. पोट त्याच्यावर होतं. वहीसाठी परत गेलो, तर शाई उतरून गेली होती, भिया. नुसते कागद."

माफीची तिन्ही वाक्यं सोडून देऊन मी पुस्तक मिटलं.

मामांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि रेग्झिनच्या पिशवीत घातलं. बरोबर मापाची, चेन लावलेली, स्वतः शिवलेली. मग स्टूल ओढलं. मी ते घट्ट धरून उभा राहिलो. देव दुसऱ्या फळीवर होते. पुस्तक त्यांच्याही वर गेलं.

हल्ली कुणी विचारलं, तुमच्या कादंबरीला काय मान मिळाला, तर मी मान ताठ करून ही जागा सांगतो. आणि मामा माझे आहेत, हेही.

त्या दिवशी स्टुलावरूनच मामा म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढशील तेव्हा माझं हवं ते कर. फक्त तिला जरा जास्त बोलू दे."