नायट्रेट गेलं कुठे?

आमचे वसंतनाना चहाचा पहिला घोट मला प्यायला लावतात. मी पडलो नाही, की मग स्वतः पितात. जळगावच्या आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या संशयातून कुणी सुटत नाही. सकाळी नमस्कार केला, तरी विचारतात, "काय लपवतोस?"

आमच्या यंत्रात पाण्यातले क्षार एकेक करून वेगळे होतात आणि पडद्यावर प्रत्येकाचा सुळका उठतो. त्याला आम्ही पीक म्हणतो. परवा पारोळ्याकडच्या एका विहिरीच्या नमुन्यात नायट्रेटचं पीकच आलं नाही. विहीर नानांच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली, आणि तान्ह्याचं पावडरचं दूध याच पाण्यात कालवायचं होतं. नायट्रेट तान्ह्या बाळाला घातक, उकळूनही जात नाही. मला आनंदच झाला. मी अहवाल लिहायला घेतला.

"थांब," नाना म्हणाले. "चारी बाजूंनी कपाशी, पोत्यांनी युरिया, अन् नायट्रेट नाही? क्लोराइडही एवढंसंच?"

आधी यंत्रावर संशय. नायट्रेटचं तयार द्रावण घालून पाहिलं. पीक ताठ उभं. यंत्र सुटलं. मग माझ्यावर. "सुईत पाण्याऐवजी हवा ओढली असशील." नमुना पुन्हा घातला. नाहीच. मग बाटली आणणाऱ्या एसटी कंडक्टरवर. "तहान लागली असेल त्याला. पिऊन नळाचं भरलं!"

मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

शेवटी अक्कांना फोन, बाटली कुठून भरली ते घरच्या अहिराणीत विचारायला.

"अक्का, बाटली कथाईन भरी?"

"जारनं फिल्टरनं पानी भरं ना, भाऊ. तुना हापिसमा इहीरनं गढूळ पानी कशी धाडू? बठ्ठा लोके काय म्हनतीन!"

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः गेले आणि बर्फाच्या डब्यातून विहिरीचं पाणी घेऊन आले. नायट्रेटचं पीक पडद्याबाहेर गेलं. मला वाटलं, आता नाना मिरवणार. त्यांनी चष्मा काढला, अहवालात खरा आकडा लिहिला, सही केली आणि फोन लावला.

"अक्का, आमनं मशीन बिघडेल शे. काही समजत नही. पोऱ्याले अन् घरमा बठ्ठासले जारनंच पानी दे. जार मी धाडसू."

यंत्र तर ठणठणीत होतं. "काय लपवताय, नाना?" मी विचारलं.

"दाजींनी खणली रे ती," नाना हळूच म्हणाले. "ते गेल्यापासून अक्का त्या विहिरीशी बोलते."