जुन्या मेमरीचा निरोप समारंभ

मृदुला सोनटक्केच्या जुन्या लॅपटॉपमधली मेमरी निरोप समारंभ झाल्याशिवाय जागा सोडणार नव्हती. तसं तिने स्पष्टच सांगितलं, आणि तिचं म्हणणं रास्त होतं.

झालं असं. मृदुला सांगलीची. दुपारी चारला तिची लॅपटॉपवरून मुलाखत होती, एका बियाणे कंपनीत हिशेबनिसाच्या जागेसाठी. सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून तिने दूध संघातली नोकरी सोडली, त्याला पंधरा वर्षं झाली. आता सासूबाई ठणठणीत होऊन उलट सुनेलाच गुडघ्यांचे व्यायाम शिकवत होत्या, आणि मृदुलाला पुन्हा कामाला जायचं होतं. तिला स्वतःचं टेबल हवं होतं, इतकं साधं. याआधीच्या एका मुलाखतीत समोरच्यांनी विचारलं, "मधल्या पंधरा वर्षांचं काय?" आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप अडकला. उत्तर द्यायला उघडलेलं तिचं तोंड पडद्यावर तसंच उघडं राहिलं. पलीकडच्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग सभ्यपणे कॉल बंद केला. खरं सांगायचं तर लॅपटॉप अडकला नसता तरी तिच्याकडे उत्तर नव्हतंच. पण निदान तोंड तरी मिटता आलं असतं.

म्हणून तिने दुप्पट क्षमतेची नवी मेमरी आणली. बसवून द्यायला दुकानदार परवाचा वायदा करायला लागला, तेव्हा ती म्हणाली, राहू दे, मीच बसवते. जेवणं उरकल्यावर तिने टेबलावर जुना टॉवेल अंथरला, लॅपटॉपची बॅटरी काढली, अंगातली वीज उतरावी म्हणून स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावून आली आणि मागचे स्क्रू एकेक करून वाटीत ठेवले. नवरा गिरीश मोबाइलचा उजेड धरून उभा होता. झाकण निघालं. आत एकच खाच, आणि तिच्यात बोटाएवढी हिरवी पट्टी दोन चिमट्यांमध्ये आडवी बसलेली. मृदुलाने चिमटे बाजूला सारले. अशी पट्टी एरवी आपोआप वर येते. ही आली नाही.

"समारंभ किती वाजता ठेवलाय?" मेमरीने विचारलं.

"कसला समारंभ?"

"माझ्या निरोपाचा. सत्कार झाल्याशिवाय जागा सुटत नाही, ताई. आणि सत्कार झाल्यावर क्षणभरही जागा अडवता येत नाही. नियम दोन्हीकडून सारखाच आहे."

"त्यांचं बरोबर आहे," गिरीश म्हणाला. "आमच्या ऑफिसात सबनीसांचा सत्कार राहून गेला, तर निवृत्तीनंतर वर्षभर ते रोज खुर्चीत येऊन बसत होते. हजेरीही लागत होती."

दुसरी कोणी असती तर वैतागली असती. मृदुलाला मात्र दूध संघातला शेवटचा दिवस आठवला. डबा पिशवीत टाकला, छत्री उचलली आणि निघाली. गेटवरचा वॉचमन म्हणाला, आज लवकर? बाकी कोणी काही बोललं नाही. त्याचं तिला अजून वाईट वाटायचं.

"काय काय लागेल?" तिने विचारलं.

"शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे. हार नको, पाकळ्या आत अडकतात."

शाल म्हणून चष्मा पुसायचा पिवळा रुमाल निघाला. नारळ घरात होताच. प्रमुख पाहुण्यांसाठी गिरीश वरच्या मजल्यावर गेला. तिथे निकमकाका राहतात, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. इस्त्रीचा सदरा त्यांच्या दारामागे कायम तयार टांगलेला असतो. सत्कार कोणाचा, हे त्यांनी जिना उतरताना विचारलं.

"मेमरीचा."

"बरं. माहेरचं नाव?"

ते काही कोणाला ठाऊक नव्हतं. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. रांग एकच होती. गिरीशने सूत्रसंचालन केलं, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच गोड आवाजात केलं. मृदुलाने मेमरीवर रुमाल पांघरला, नारळ लॅपटॉपशेजारी ठेवला. मग निकमकाका उभे राहिले.

"मेमरीताईंचा आणि माझा परिचय अगदी अलीकडचा," त्यांनी सुरुवात केली, आणि तिथून ते थेट जतच्या मुक्कामी गाडीवर गेले. गाडीचा पाटा तुटला. प्रवासी उतरले. त्यातले एक गृहस्थ लग्नाला निघालेले. साडेतीन वाजून गेले तरी ते लग्नाला पोचले नव्हते. गिरीश दोनदा खाकरला. मेमरी मन लावून ऐकत होती, आणि भाषण संपेपर्यंत ती हलणार नाही हे उघड होतं. मृदुलाने घड्याळ पाहिलं. ही नोकरी गेली तर पुन्हा कोणी बोलवेल असं तिला वाटत नव्हतं.

तेवढ्यात तिला नियमाची दुसरी बाजू आठवली. ती सासूबाईंकडे वळली. सासूबाईंनी काही न विचारता अंगावरची शाल काढून तिच्या हातात दिली.

"आता प्रमुख पाहुण्यांचा सत्कार," मृदुला म्हणाली, आणि शाल निकमकाकांच्या खांद्यांवर घातली.

निकमकाका वाक्याच्या मधेच थांबले. हात जोडले, डोळे टिपले आणि खाली बसले. सत्कार झाल्यावर भाषणाची जागाही अडवता येत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मेमरीने उत्तरादाखल मोजकंच सांगितलं. "दिवसभर सगळं ध्यानात ठेवायचं आणि लॅपटॉप बंद झाला की सगळं विसरायचं, हेच माझं काम. त्यामुळे माझा कोणावर राग नाही. नवीन बाईंना सांभाळून घ्या." एवढं बोलून ती टक्कन वर आली. मृदुलाने तिची सोनेरी कड खोडरबराने घासून लख्ख केली आणि तिला शोकेसमध्ये ठेवलं. नवी मेमरी तिरकी सरकवून खाली दाबली, चिमटे बसले. "रुजू झाले," नवी मेमरी म्हणाली. झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला, तो गिरीशने खिशात टाकला.

चारला पडद्यावर कंपनीच्या मॅडम आल्या. हिशेबाचे प्रश्न झाले, मृदुलाने भराभर उत्तरं दिली. मग मॅडमनी विचारलं, "दूध संघानंतरच्या पंधरा वर्षांचं काय?"

लॅपटॉप या वेळी अजिबात अडकला नाही. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मृदुलाने शोकेसकडे पाहिलं.

"माझा निरोप समारंभ झाला नव्हता," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढला. "शाल?"

"नाही."

"निदान नारळ?"

"नाही हो. वॉचमन म्हणाला, आज लवकर? तेवढंच."

"मग तुम्ही ती जागा सोडलेलीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमची सेवा अखंड धरावी लागेल. अनुभव तर भरपूरच झाला. जागा तुमचीच. पण आधी तिकडून रीतसर सुटून या."

सोमवारी मृदुला दूध संघात गेली. सोबत गिरीश, सासूबाई, प्रमुख पाहुणे म्हणून निकमकाका आणि पिवळ्या रुमालात जुनी मेमरी. कार्यालयाचा रंग बदलला होता. तिचं टेबल होतं तिथेच होतं, आणि खुर्ची रिकामी होती. तिच्या जागी नेमलेले इंगवले पंधरा वर्षं त्या खुर्चीशेजारी उभे राहून काम करत होते.

"या बाई," इंगवले म्हणाले. "आम्ही वाट बघत होतो."

तिला तिच्या खुर्चीत बसवलं. व्यवस्थापकांनी शाल दिली, नारळ दिला, आणि उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. निकमकाकांनी या खेपेला त्या गृहस्थांना लग्नाला पोचवलं. मृदुलाला दोन शब्द बोलायला सांगितलं, पण तिला रडू फुटलं, आणि ते दोन शब्दांत धरलं गेलं. जुनी मेमरी पहिल्या रांगेत होती. ती म्हणाली, छान झाला कार्यक्रम.

मग मृदुला उठली. इंगवले बसले.